झूल चढली, डबा पालथा

बनारसच्या आमच्या घरमालकांनी माझ्याकडे पहिल्यांदा पंख्याचं बटण मागितलं, तेव्हा मी त्यांच्या तोंडाकडे बघतच राहिले. दिवाळीचा पाडवा होता. ह्यांना ओवाळून तबक खाली ठेवत होते, कपाळावरचा घाम पदरानं पुसत होते, आणि दारात हे सहा फुटी गोरेपान गृहस्थ हात पुढे करून उभे. अंगात लोकरीची बंडी, डोक्याला कानटोपी, कानात कापसाचे बोळे.

"बटण द्या," म्हणाले.

"कसलं बटण?"

"पंख्याचं. रेग्युलेटरवरचं काळं, गोल. ओढलं की निघतं. होळीला परत मिळेल."

मला वाटलं थट्टा आहे. पण मागे जिन्यात काकू उभ्या होत्या, त्यांच्या बायको. त्यांनी मला डोळ्यांनीच खूण केली, दे बाई, देऊन टाक. मी दिलं. खालच्या देवघरात एक पितळी वाटी होती, तीत घरातल्या सगळ्या पंख्यांची बटणं जमा व्हायची आणि होळीपर्यंत देवाच्या पायाशी बसून राहायची.

आमचे हे रेल्वेत होते, मुगलसरायला बदली झाली होती, आणि मराठी माणसांत राहावं म्हणून आम्ही बालाजी घाटाच्या वरच्या गल्लीत बिऱ्हाड केलं होतं. नव्वदनंतरची वर्षं ती. गल्ली इतकी अरुंद, की समोरून सांड आला तर कुणाच्या तरी ओट्यावर चढायचं. घरमालकांना सगळी गल्ली गुरुजी म्हणायची. यात्रेकरूंचे विधी करायचे, पण खरा जीव पंचांगात. गल्लीतल्या मुलांना पंचांगाचं गणित शिकवायचे, आणि स्वतः त्या पंचांगात राहायचे. म्हणजे आपण घरात राहतो ना, तसे.

त्यांचं एक वाक्य होतं. "ऋतू काही मर्जीनं येत नाहीत. त्यांना वेळ दिलेली आहे." कुणी म्हणालं की गुरुजी, उकडतंय हो, तर म्हणत, "घाम हा शरीराचा दोष. महिना चुकत नाही." पाडव्याला पंखा बंद, त्याच दिवशी कानटोपी, त्याच दिवशी दही बंद. बरं, महिना तरी कुणाचा? आपला. इथल्या लोकांचा माघ आपल्याआधी पंधरा दिवस लागतो. शेजारचा पानवाला म्हणायचा, "गुरुजी, माघ लग गया." त्यावर गुरुजी शांतपणे, "तुम्हारा लगा होगा." आणि आपला माघ लागेपर्यंत जाड रजाई काढायचे नाहीत, दात वाजले तरी.

एकदा ह्यांनी बंड केलं. कार्तिकातला उकाडा, बटण वाटीत. ह्यांनी पकड आणली, रेग्युलेटरची उघडी दांडी धरून फिरवली आणि पंखा सुरू करून पानावर बसले. आमच्या पंख्याला कुरकुर होती, ती खाली ऐकू गेली असणार. गुरुजी वर आले. मला वाटलं आता बिऱ्हाड उचलावं लागतंय. पण नाही. पंख्याखाली पाट ओढला, बसले, गळ्याभोवती मफलर घट्ट केला आणि कुडकुडायला लागले. नाटक नव्हे हो, खरंच कुडकुडत होते. हातावर काटा आलेला मी पाहिला.

"थंडी फार आहे तुमच्या खोलीत, रेल्वेवाले," म्हणाले.

ह्यांच्या हातातला घास तसाच राहिला. उठून पंखा बंद केला. माणूस मनानं अंगावर काटा आणू शकतो हे मी त्या दिवशी पाहिलं, आणि खरं सांगते, मला हसू यायच्या ऐवजी भीती वाटली.

खाली दारातून आत शिरलं की डाव्या हाताला गाईची खोली होती. गाईचं नाव गौरा. खोलीला खिडकी नाही, दगडी भिंती, भिंतींना भेगा, जमिनीवर पेंढा. त्या पेंढ्यात गल्लीतली एक तांबडी कुत्रीही येऊन निजायची, गौरा तिला काही करायची नाही. गाईचं सगळं काकू बघायच्या. शिवरात्रीपासून कार्तिकापर्यंत रोज सकाळी धार काढून झाली की काकू गौराच्या कानामागे, मानेच्या पोळीखाली, शेपटीखाली हात घालून गोचीड वेचायच्या आणि रॉकेलच्या डब्यात टाकायच्या. बनारसमध्ये त्यांना किलनी म्हणतात. मी नवी होते तेव्हा ते दिसलं की तोंड फिरवायचे. काकू म्हणायच्या, "अगं, तांदूळ निवडतेस ना, तसंच हे."

मग कार्तिकी पौर्णिमा यायची. पंचगंगा घाटावर बांबूंना आकाशदिवे लागलेले असायचे, आणि त्या दिवशी गौराला झूल चढायची. गोणपाटाची, आतून जुन्या धोतरांचा पदर लावलेली, काकूंनी शिवलेली. झुलीला हळदकुंकू व्हायचं. पोटाखालून दोऱ्यांनी ती गाईच्या अंगावरच शिवून टाकायची, आणि महाशिवरात्रीपर्यंत उतरायची नाही. धार काढताना नुसता काठ वर करायचा. त्याच दिवशी रॉकेलचा डबा घासून कोनाड्यात पालथा ठेवायचा. गुरुजी मोठ्यांदा म्हणत, "झूल चढली, डबा पालथा." संकल्प सोडावा तसं. म्हणजे थंडी आली, किडामुंगी संपली, आता शिवरात्रीपर्यंत गाईच्या अंगाकडे बघायचं कारण नाही. त्यांच्या वडिलांच्या वेळेपासून असंच, आणि गंमत म्हणजे ते बरोबरही होतं. पहिल्या दोन हिवाळ्यांत मी स्वतः पाहिलं, शिवरात्रीला झूल उतरली की आत गाय कशी चकचकीत.

मग तो हिवाळा आला. म्हणजे आलाच नाही. दिवाळी गेली, कार्तिक गेला, मार्गशीर्ष गेला, धुकं म्हणावं तसं धरलं नाही. पौषात लोक ओट्यावर बनियनवर बसायचे. घाटावर स्नानाला जाणाऱ्या बायका म्हणायच्या, यंदा पाणी बोचत नाही. गुरुजी कानटोपीत घामाघूम. टोपीच्या कडेनं धार लागायची ती उपरण्यानं टिपायची आणि म्हणायचं, "कडाका आहे."

गौराचं दूध आटलं. ती सारखी भिंतीला अंग घासायची, दगडावर गोणपाट घासल्याचा खरखर आवाज वरपर्यंत यायचा. काकू म्हणाल्या, "अहो, हिचं मूत बघा, चहासारखं होतंय."

"पाणी कमी पितेय. थंडीत गाय पाणी कमीच पिते."

"झूल जरा सैल करू का?"

"शिवरात्रीच्या आधी? भलतंच."

काकूंनी झुलीला हात लावला नाही. धार काढताना त्या गौराच्या कुशीला, झुलीवरच, डोकं टेकून बसायच्या. अजूनही मला त्या तशाच दिसतात, डोळे मिटून, गालाखाली गोणपाट.

वसंत पंचमी तोंडावर असताना काकूंना ताप भरला. पहिल्यांदा काढा झाला, मग गल्लीतल्या डॉक्टरच्या गोळ्या. ताप हलेना. डोकं इतकं दुखायचं की देवघरातली घंटा वाजली तरी त्या कळवळायच्या. मग तळहातांवर लाल ठिपके उठले, मग तळपायांवर, मेंदीचे थेंब उडावेत तसे. आम्ही त्यांना खुर्चीत बसवून गल्लीतून बाहेर काढलं आणि रिक्षानं मोठ्या इस्पितळात नेलं.

तिथे एक तरुण डॉक्टरीण होती. हुशार असावी, कारण तिनं आधी तळहात पाहिले. मग गुरुजींना विचारलं, "घर में जानवर है?"

"गाय है."

"किलनी?"

मी शेजारीच उभी होते. गुरुजी ताठ उभे राहिले, मुलांना शिकवताना राहतात तसे. "माघ में किलनी नहीं होती, बेटी."

"आपने देखा है?"

"देखना क्या है? माघ है."

त्यांचा तो आवाज असा असायचा ना, की समोरच्याला आपलंच चुकलं वाटायचं. यात्रेकरू त्यापुढे मान डोलवायचे, त्या पोरीनंही डोलवली. टायफॉइडचं औषध सुरू झालं. मलाही त्यात काही वावगं वाटलं नाही. डबा तर पालथाच होता की.

पुढचे दिवस वाईट गेले. काकू बरळायला लागल्या. मला ओळखेनात, मला आई म्हणायला लागल्या, आणि गौराला पाणी दाखवलं का म्हणून विचारत राहायच्या. डॉक्टरीण सारखी येऊन नाडी बघायची. एकदा तिनं मला बाहेर नेऊन विचारलं, मुलं कुठे असतात, बोलवून घ्या. मुलं नव्हती त्यांना. मी ते सांगितलं, आणि सांगता सांगताच तिनं का विचारलं ते मला कळलं.

त्या सकाळी मी काकूंचे केस विंचरत होते. घामानं जटा झालेल्या. डाव्या कानामागे, केसांच्या मुळाशी, मला काळा ठिपका दिसला. वाटलं मळ असेल, म्हणून ओल्या फडक्यानं पुसला. निघेना. खपली होती ती, भाजल्यासारखी काळी, भोवती लाल. गाईच्या कुशीला टेकवायच्या ती हीच बाजू.

फडकं तिथेच टाकलं. घरी आले. गौराच्या खोलीत गेले, आणि झुलीचा काठ धरून वर केला.

आत गाय दिसतच नव्हती. म्हणजे कातडं दिसत नव्हतं. एरंडाच्या बिया चिकटवाव्यात तशा फुगलेल्या राखाडी गोचिडी, एकीला एक लागून, जांघेत, मानेखाली, शेपटीच्या मुळाशी. आणि झुलीला आतून लावलेलं ते जुनं धोतर, ते हलत होतं. वारा नव्हता हो खोलीत. तीळ सांडावेत तशी बारीक पिल्लं त्या कापडावर चालत होती. मी काठ सोडला तर माझ्या मनगटावर दोन. ती झटकून टाकली. कोनाड्यात तो डबा, घासलेला, स्वच्छ, पालथा.

गुरुजी देवघरात होते. मी पूजेच्या मध्येच म्हणाले, "खाली या."

पूजेच्या मध्ये त्यांना कुणी हाक मारत नसे. माझ्या तोंडाकडे बघून ते उठले. मी पुन्हा काठ वर केला. ते बघत राहिले. गौरा मान वळवून त्यांच्याकडे बघत होती. मग त्यांनी कडबा कापायचा विळा उचलला आणि पोटाखालच्या दोऱ्या एकामागून एक तोडल्या. माघ शुद्ध पक्षात. ज्या माणसानं आपल्या बायकोला दोरी सैल करू दिली नव्हती त्यानं. झूल खाली पडली तशी त्यांनी ती पायानं ओढत अंगणात नेली, वर रॉकेल ओतलं आणि पेटवली. गोचिडी तडतडत फुटत होत्या, मोहरी फुटावी तशा.

"काकूंच्या कानामागे खपली आहे," मी म्हणाले.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि तो माणूस निघालाच. तसाच, अनवाणी, कानटोपी देवघरात राहिलेली, टक्कल उघडं. गल्लीतले लोक ओट्यांवरून उठून उभे राहिले. गुरुजींना पळताना कुणी पाहिलंच नव्हतं. पानवाल्यानं मला विचारलं, "माताजी गइलीं का?" काकू गेल्या असंच वाटलं त्याला; मी मानेनंच नाही म्हटलं आणि गुरुजींच्या मागे धावले.

वॉर्डात डॉक्टरीण दुसऱ्या खाटेपाशी होती. आजूबाजूला नातेवाईक, नर्सा, दोन-चार शिकाऊ पोरं. गुरुजी सगळ्यांच्या मधोमध जाऊन उभे राहिले. त्यांचा श्वास लागला होता.

"बेटी, मैंने झूठ नहीं कहा था. मैंने देखा नहीं था." मग काकूंच्या खाटेकडे वळून त्यांच्या कानाकडे बोट दाखवत, "किलनी है. बहुत है."

तिनं काकूंचा कान पुढे केला, खपली पाहिली आणि नर्सला काहीतरी सांगितलं. साधी कॅप्सूल होती ती. तेवढीच. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ताप उतरायला लागला, आणि त्यानंतर काकूंनी मला विचारलं, "तू का रडतेस? गौराला पाणी दाखवलंस का?"

गौरासाठी जनावरांचे डॉक्टर आले. जाडे गृहस्थ, स्कूटर मोठ्या रस्त्यावर ठेवून धापा टाकत गल्लीतून आलेले. इंजेक्शन देऊन झाल्यावर खोलीकडे, भिंतीच्या भेगांकडे, अंगणातल्या राखेकडे बघत म्हणाले, "पंडितजी, पहले पूस-माघ में मैं खाली बैठा रहता था. अब सर्दी में भी लाल पेशाब वाली गाय आ जाती है. ठंड पड़े तो किलनी सुन्न होकर दरार में घुस जाती है. अब रात ठंडी होती नहीं, तो वह सोए क्यों? ऊपर से आपने रज़ाई ओढ़ा दी."

एरवी गुरुजींनी त्यांना माघाचं माहात्म्य ऐकवलं असतं. आता त्यांनी नुसतं विचारलं, "हर साल ऐसा होगा?"

"हर साल नहीं. किसी साल कड़ाके की भी पड़ेगी. पर अब महीना देखकर भरोसा मत कीजिए. किलनी का मौसम लंबा हो रहा है."

हवामान बदलतंय वगैरे शब्द तेव्हा आमच्या कानावर नव्हते. आता रोज पेपरात येतं, नातवंडं मला समजावून सांगतात. मी ऐकून घेते. मला मात्र ते सगळं त्या धोतराच्या हलणाऱ्या कापडासारखं दिसतं. वरून झूल ठीकठाक, हळदकुंकू लावलेली.

काकू घरी आल्या तेव्हा हातापायांची हाडं झालेली, आणि डावा कान गेलेला. तापातच गेला तो, पुन्हा आला नाही. गुरुजींनी नवी झूल शिवू दिली नाही. रोज पहाटे, कुठलाही महिना असो, स्वतः गौराच्या अंगावरून केसांच्या उलट्या दिशेनं हात फिरवायचे. मुलांना गणित शिकवणं चालूच होतं, पण कुणी विचारलं की गुरुजी, थंडी कधी लागणार, तर म्हणत, "तिथी मला विचारा. थंडीचं अंगणात जाऊन बघा." रॉकेलचा डबा बारा महिने उताणा.

पुढच्या पाडव्याला मी बटण आधीच काढून तबकाशेजारी ठेवलं होतं. ते आले, त्यांनी बटणाकडे पाहिलं. "राहू दे," म्हणाले. "गरम झालं की फिरवा." आणि वाटीतली मागची दोन राहिलेली बटणंही मला देऊन गेले, ती कुठल्या पंख्यांची ते त्यांनाही आठवत नव्हतं. माणूस म्हातारा झाल्यासारखा वाटला मला.

आणखी एक गोष्ट मी पाहत होते. रोज संध्याकाळी दिवा लावला की गुरुजी काकूंच्या शेजारी येऊन बसायचे, आणि नेमके डाव्या बाजूला. उजवीकडे जागा असली तरी. मान खाली घालून काहीतरी हळू बोलायचे, तेवढंच, आणि उठून जायचे. पहिल्यांदा मला वाटलं जप असेल. एकदा जवळून जाताना शब्द कानावर पडले. "नाही म्हणालो मी. न बघता नाही म्हणालो." बहिऱ्या कानात. मी जिन्यातच थांबले, वर जावं की खाली ते कळेना.

इस्पितळात काय झालं ते काकूंना कुणी सांगितलेलं नव्हतं. मीही नाही. तो माघ निघून गेला होता आणि दुसरा आला होता. पुन्हा तसाच, ऊन चटके देणारं. काकू भाजी निवडत होत्या, मी त्यांच्या उजव्या बाजूला बसले होते, आणि माझ्याच्यानं राहवलं नाही. म्हटलं, "काकू, गुरुजी रोज तिकडच्या बाजूला का बसतात हो?"

त्यांनी मेथीची जुडी खाली ठेवली. "कान गेलाय माझा, डोळे गेलेत का? समोरच्या कपाटाला काच आहे. त्यांचं तोंड दिसतं त्यात. सुरुवातीला काही कळेना. मग रोज तेच तेच, तर ओठांवरून कळायला लागलं."

"मग सगळं माहीत आहे तुम्हाला?"

"न बघता नाही म्हणालो," काकू म्हणाल्या, अगदी त्यांच्यासारखी मान खाली घालून.

"मग सांगत का नाही त्यांना? इतके दिवस झाले. जीव तुटतो हो बघून."

"वेडी आहेस का," काकू म्हणाल्या. "सांगितलं तर बंद करतील. लग्न झाल्यापासून पहिल्यांदा हा माणूस चुकलो म्हणतोय. शिवरात्रीपर्यंत तरी ऐकू दे."

मग त्यांनी जुडी पुन्हा मांडीवर घेतली आणि पदरानं गळा पुसला.

"ऊठ आता, पंखा लाव जरा. माघ असला म्हणून काय झालं."